एक चांदणी कमी

तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स कर्नेल चालतोय. हा कर्नेल ज्या सोर्स कोडमधून तयार होतो त्यात आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. त्यांतल्या लक्षावधी ओळी मुळात कोड नाहीतच. त्या कॉमेंट आहेत: प्रोग्रामरने पुढच्या प्रोग्रामरसाठी साध्या इंग्रजीत लिहून ठेवलेली वाक्यं. कंपायलरला त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करताना तो सुरुवातीलाच त्या गाळून टाकतो, आणि फोनपर्यंत त्यातला एकही शब्द पोचत नाही. कॉमेंट धडधडीत खोटी असली तरी फोन चालतो, आणि अगदी खरी असली तरी तेवढाच चालतो.

म्हणजे हा मजकूर निव्वळ वाचणाऱ्यासाठी आहे. अशा मजकुराची समीक्षा व्हायला हवी असं मला वाटतं. ती एका प्रकारे रोज होतही असते, कारण लोक या कॉमेंट सतत दुरुस्त करत असतात. कुणी स्पेलिंग सुधारतं, कुणी सुटलेला पॅरामीटर भरतं, कुणी दहा वर्षांपूर्वीचं आता खोटं ठरलेलं वाक्य बदलतं. आमच्या धंद्यात या कामाला फारसा मान नाही. नवख्यांनी सुरुवातीला करायचं, हात बसेपर्यंत करायचं आणि मग 'खऱ्या' कामाकडे वळायचं, अशी साधारण समजूत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात कर्नेलमध्ये नाव लागावं म्हणून धडपडणाऱ्या मुलांना पहिला सल्ला हाच मिळतो: एखादी कॉमेंट दुरुस्त करून पाठव.

सल्ला चांगला आहे, पण तो ज्या कारणासाठी दिला जातो ते कारण मला पटत नाही. कॉमेंट दुरुस्त करणं सोपं असतं असं मानून तो दिला जातो. प्रत्यक्षात कोड आणि कॉमेंट परस्परविरुद्ध बोलत असतील तर दोघांपैकी कोण चुकतंय हे ठरवल्याशिवाय दुरुस्ती होऊच शकत नाही, आणि हे ठरवणं बऱ्याचदा कोड लिहिण्याहून अवघड असतं. दुरुस्ती म्हणून जे सर्रास केलं जातं त्यात नेमका हा निर्णय टाळलेला असतो.

मराठीत कॉमेंटला 'टीप' म्हणता येईल, पण मला 'टीका' हा शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण तो आपण दोन अर्थांनी वापरतो. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, आणि सरकारवर होते तीही टीका. एकीत अर्थ उलगडायचा असतो, दुसरीत दोष दाखवायचा असतो. कॉमेंट दुरुस्त करणाऱ्याला ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करावी लागतात.

दोन चांदण्यांचं आश्वासन

कर्नेलमध्ये साधी कॉमेंट तिरकी रेघ आणि एक चांदणी यांनी सुरू होते: /* अशी. रेघेनंतर दोन चांदण्या आल्या, म्हणजे /** असं लिहिलं, की ती 'कर्नेल-डॉक' कॉमेंट होते. तिचा साचा ठरलेला आहे. पहिल्या ओळीत फंक्शनचं नाव आणि ते काय करतं हे एका वाक्यात. मग @ चिन्ह लावून एकेका पॅरामीटरचं नाव आणि अर्थ. मग गरजेप्रमाणे खुलासा. मग परिस्थिती: हे फंक्शन कधी बोलवायचं, कोणतं लॉक हातात असताना, वाट पाहत थांबण्याची मुभा असताना की नसताना. शेवटी परतावा: काय परत येतं, आणि काही बिघडलं तर काय येतं. एक स्क्रिप्ट अशा कॉमेंट वेचते आणि त्यांतून कर्नेलच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनची पानं तयार होतात. ही पानं आधी डॉकबुकमधून बनायची. २०१६ पासून ती स्फिंक्समधून बनू लागली.

दुसरी चांदणी म्हणजे लिहिणाऱ्याने दिलेलं आश्वासन. या फंक्शनबद्दल बाहेरच्या माणसाला जे माहीत असायला हवं ते मी इथे लिहिलंय, आत डोकावायची गरज नाही, असं ती सांगते.

हे आश्वासन नीट पाळलेलं कसं दिसतं? फोन किंवा राउटरमधलं बरंचसं हार्डवेअर आपली ओळख आपणहून सांगत नाही. कोणता भाग कुठे जोडलाय याचा एक आराखडा कर्नेलला आधीच द्यावा लागतो. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात, आणि त्यातल्या एकेका नोंदीला नोड. नावावरून नोड शोधून देणारं एक फंक्शन आहे. त्याच्या नावात 'फाइंड' आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, शोधलं, मिळालं, विषय संपला. वरची कॉमेंट मात्र दोन वेगळ्याच गोष्टी सांगते. मिळालेल्या नोडचा वापर-आकडा एकाने वाढवलेला असतो, आणि काम झाल्यावर तो कमी करणं ही तुमची जबाबदारी. शिवाय शोध कुठून सुरू करायचा म्हणून तुम्ही जो नोड देता, त्याचा आकडा हे फंक्शन स्वतःच कमी करून टाकतं.

लायब्ररीच्या भाषेत सांगायचं तर नवं पुस्तक तुमच्या नावावर चढलं आणि हातातलं जुनं तुम्हाला न विचारता जमा करून घेतलं. हे माहीत नसेल तर एकतर घेतलेलं पुस्तक कधी परत जात नाही, किंवा अर्धं वाचून व्हायच्या आत हातातून निघून जातं. दोन्ही तऱ्हेचे बग कर्नेलच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेले दिसतात.

या कॉमेंटमध्ये शैली म्हणावी असं काही नाही. वाक्यं कोरडी आहेत, विशेषणं नाहीत. तरी मी तिला उत्तम कॉमेंट म्हणेन, कारण फंक्शनच्या नावाने जे झाकलं होतं तेच तिने उघडं केलंय. कॉमेंट वाचताना मी हीच कसोटी लावते: नाव वाचून जे कळलं नसतं किंवा चुकीचं कळलं असतं, ते हिने सांगितलं का?

दोन स्वस्त दुरुस्त्या

कर्नेल कंपाइल करताना जास्तीच्या वॉर्निंग मागितल्या की तीच स्क्रिप्ट प्रत्येक कर्नेल-डॉक कॉमेंटची हजेरी घेते. फंक्शनमध्ये चार पॅरामीटर आहेत आणि कॉमेंटमध्ये तीन, मग चौथ्याचं वर्णन नाही. कॉमेंटमध्ये जे नाव आहे ते कोडमध्ये नाही, मग हे जास्तीचं. कर्नेल-डॉकच्या बऱ्याचशा दुरुस्त्या या यादीतून निघतात. यादी समोर असणं चांगलंच. पण स्क्रिप्टला फक्त नावं दिसतात. नावापुढे काय लिहिलंय हे तिला कळत नाही, आणि ते तिच्याकडून अपेक्षितही नाही. त्यातून दोन स्वस्त दुरुस्त्या जन्माला येतात.

पहिली अशी: '@डेव्ह: डिव्हाइस.' '@फ्लॅग्ज: फ्लॅग्ज.' '@लेन: लांबी.' वॉर्निंग गेली. पण कुठलं डिव्हाइस? कोणते फ्लॅग चालतात, शून्य दिला तर चालेल का? लांबी बाइटमध्ये की पानांमध्ये, शेवटचं शून्य धरून की सोडून? यातलं काहीही सांगितलेलं नाही. कथासंग्रहाची समीक्षा म्हणून 'या संग्रहात कथा आहेत' असं लिहावं, तसा हा प्रकार. त्यात आणखी एक नुकसान आहे. दुरुस्तीआधी इथे काहीतरी राहिलंय हे दिसत तरी होतं. आता तेही झाकलं गेलं, आणि उद्या कुणी यादी काढली तर हे फंक्शन तिच्यात येणारच नाही.

दुसरी दुरुस्ती याहून छोटी आहे. दोन चांदण्यांपैकी एक खोडायची. /** चं /* झालं की ती कॉमेंट कर्नेल-डॉक उरत नाही, स्क्रिप्ट तिकडे पाहत नाही, वॉर्निंग आपोआप थांबते. कर्नेलच्या इतिहासात असे कितीतरी पॅच आहेत, आणि कर्नेल-डॉकच्या साच्यात न बसणाऱ्या कॉमेंटची पदावनती करत आहोत असं त्यांत मोकळेपणाने लिहिलेलंही असतं.

या दोन्हींकडे सारख्याच नजरेने पाहणं मला अन्यायाचं वाटतं. चांदणी खोडणं कित्येकदा प्रामाणिक असतं. एखादं फंक्शन एकाच फाइलच्या आतलं असतं, बाहेरचं कुणी ते वापरत नाही, आणि कुणीतरी केवळ सवयीने किंवा उठून दिसावं म्हणून दोन चांदण्या काढलेल्या असतात. तिथे आश्वासन द्यायचा इरादाच नव्हता, तेव्हा चांदणी काढून घेतली तर कुणाचं काही जात नाही. '@फ्लॅग्ज: फ्लॅग्ज' मध्ये मात्र आश्वासन तसंच ठेवून आतला ऐवज गायब केलेला असतो. या दोघांतून निवडायचंच असेल तर मी चांदणी खोडणाऱ्याच्या बाजूने उभी राहीन. माझी तक्रार सुरू होते ती शेकडो ठिकाणांहून वापरलं जाणारं फंक्शन असताना, चौथ्या पॅरामीटरचा अर्थ शोधायला अर्धा दिवस लागेल म्हणून चांदणी खोडली जाते तेव्हा. तिथे प्रश्न न सोडवता प्रश्नपत्रिकाच फाडलेली असते.

दोन साक्षीदार

नावं जुळत नाहीत ही अडचण त्यातल्या त्यात सोपी. खरी अडचण येते ती सगळी नावं जुळतात आणि वाक्य खोटं असतं तेव्हा.

समजा एका फंक्शनवर लिहिलंय की हे इंटरप्टमधूनही बोलावता येईल. इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने दारावर मारलेली थाप: कर्नेलला हातातलं काम टाकून धावावं लागतं, आणि ती थाप हाताळताना झोपायला, म्हणजे कशाचीही वाट पाहत थांबायला परवानगी नसते. आता कोड पाहिला तर आत मेमरी मागताना जो फ्लॅग वापरलाय तो म्हणतो, मेमरी लगेच नसेल तर मी थांबतो. कॉमेंट म्हणते थांबणार नाही, कोड म्हणतो थांबेन.

इथे नव्याण्णव टक्के लोक म्हणतील, कोड हेच सत्य, कॉमेंट बदला. ऐकायला हे व्यवहारी वाटतं. यंत्रावर कोड चालतो, कॉमेंट चालत नाही. पण कोड हे फक्त काय घडतंय याचं सत्य आहे. काय घडायला हवं होतं याबद्दल कोड काहीच सांगत नाही. ते सांगणारी साक्ष बऱ्याचदा एकट्या कॉमेंटकडे असते. कदाचित पाच वर्षांपूर्वी कुणीतरी तो फ्लॅग बदलला असेल, आणि इंटरप्टमधून हे फंक्शन बोलावणारे तीन ड्रायव्हर तेव्हापासून धोक्यात असतील. अशा वेळी 'जुनाट' कॉमेंट सुधारणारा माणूस गुन्ह्याच्या जागेवरचा एकमेव पुरावा पुसून टाकत असतो, आणि वर त्याला स्वच्छतेबद्दल शाबासकीही मिळते.

हा धोका काल्पनिक नाही. २००७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी आयकॉमेंट नावाचं साधन बनवलं. लॉक आणि फंक्शनच्या बोलावणीबद्दलचे नियम ते कॉमेंटमधून वेचायचं आणि कोडशी ताडून पाहायचं. लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाची या चार प्रकल्पांमध्ये त्याला ६० विसंगती सापडल्या. संशोधकांच्या वर्गवारीप्रमाणे त्यांतल्या २७ ठिकाणी कॉमेंट चुकीची होती आणि ३३ ठिकाणी कोड चुकीचा होता. ६० हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या जगाचा नियम काढता येणार नाही. पण 'कोड हेच सत्य' ही सवय मोडायला तो पुरेसा आहे. या साठही ठिकाणी डोळे मिटून कॉमेंट बदलल्या असत्या, तर निम्म्याहून जास्त वेळा बग तसाच राहिला असता आणि त्याच्याविरुद्धची साक्ष गेली असती.

मग ठरवायचं कसं? जुन्या पोथ्यांचे पाठ ताडणारे लोक जे करतात तेच: कोणती ओळ केव्हाची आहे ते पाहायचं. गिटमध्ये प्रत्येक ओळ शेवटी कुणी, कधी आणि काय कारण देऊन बदलली हे काढता येतं. कॉमेंट २०११ ची आणि फ्लॅगची ओळ २०१८ ची असेल, तर २०१८ च्या त्या बदलाची नोंद वाचायची. थांबायला मुभा देण्याचं कारण त्यात दिलंय का? बोलावणारे सगळे तपासले असं म्हटलंय का? की तो बदल भलत्याच कामाच्या ओघात झालाय? मग बोलावणारे एकेक करून पाहायचे. कधीकधी शोध एप्रिल २००५ पाशी येऊन अडतो. लिनक्सचा गिटमधला इतिहास तिथूनच सुरू होतो, आणि त्याआधी लिहिलेल्या सगळ्या ओळी त्या एकाच पहिल्या कमिटच्या नावावर दिसतात. तिथून मागे जायचं तर जुने पॅच आणि जुनी संभाषणं धुंडाळावी लागतात. एका वाक्यासाठी एवढं? हो, कारण त्या वाक्यावर विसंबून कुणीतरी ड्रायव्हर लिहिलेला असतो.

परवाना मागे घेताना

काही कॉमेंट वर्णनाच्याही पलीकडे जातात. त्या परवानगी देतात.

के-मॅलॉक हे कर्नेलमध्ये मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन. मागणी ठरावीक मापांत वर पूर्ण केली जाते. तुम्ही १०० बाइट मागितले तर सहसा १२८ चा तुकडा मिळतो. मिळालेला तुकडा खरोखर केवढा आहे हे सांगणारं दुसरं फंक्शन म्हणजे के-साइझ. त्यावरच्या जुन्या कॉमेंटमध्ये स्पष्ट म्हटलं होतं की मागितल्यापेक्षा जास्त मिळालेली ही जागा बोलावणाऱ्याने वापरली तरी चालेल. नेटवर्किंगसह कर्नेलच्या काही भागांनी ती परवानगी घेतली आणि वरचे अठ्ठावीस बाइट वापरायला सुरुवात केली. त्यात गैर काहीच नव्हतं, नियम तसाच लिहिलेला होता.

पुढे कंपायलरला मागितलेलं माप सांगायची सोय आली, म्हणजे त्यापलीकडे कुणी लिहिलं तर पकडता येईल. सुरक्षेच्या दृष्टीने हे मोलाचं होतं, कारण हद्दीबाहेर लिहिणं हे घुसखोरीचं जुनं दार आहे. पण आता परवान्याने वापरलेले अठ्ठावीस बाइट आणि चोरून वापरलेले अठ्ठावीस बाइट कंपायलरला सारखेच दिसू लागले.

कर्नेलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या केस कुक यांनी २०२२ मध्ये यावर जी पॅचमालिका केली ती मी दुरुस्तीचा नमुना म्हणून वाचते. त्यांनी आधी नवं फंक्शन आणलं: अमुक माप मागितलं तर किती मिळेल हे ते मागण्याआधीच सांगतं, म्हणजे तुम्ही सरळ तेवढंच मागू शकता. मग जुन्या परवान्यावर जगणाऱ्यांना एकेक करून या नव्या वाटेवर आणलं. शेवटी के-साइझची वागणूक बदलली आणि तिच्यावरची कॉमेंटही. आता ती सांगते की हे फंक्शन आतल्या कामापुरतं आहे, वापरता येण्याजोगी जागा मागाहून शोधून काढायला नाही, आणि मूळ मागणीच्या पलीकडे लिहिलंत तर तपासणी यंत्रणा पकडतील.

फरक दोन-तीन वाक्यांचा. तेवढीच वाक्यं आधी बदलली असती तर कॉमेंट 'बरोबर' झाली असती आणि कालपर्यंत कायदेशीर असलेला कोड एका रात्रीत बेकायदेशीर ठरला असता. जुन्या वाक्यावर कोणकोण विसंबून आहे हे शोधून त्यांची सोय लावली गेली, म्हणून ही दुरुस्ती मोठी वाटते.

परीक्षेत येणार नाही

ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली कॉमेंट १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आहे. एका प्रोसेसवरून दुसऱ्या प्रोसेसवर उडी मारणाऱ्या कोडवर ती आहे, आणि वाचणाऱ्याला हे समजेल अशी अपेक्षा नाही असं ती सांगते. टीशर्टवर, मगवर, भाषणांच्या सुरुवातीला ती सगळीकडे भेटते. प्रतिभावंत प्रोग्रामरचा उद्धटपणा म्हणून तिचं कौतुक होतं.

मला हे वाचन चुकीचं वाटतं. मुळात ते वाक्य एकटं नाही. त्याच्या आधी त्याच कॉमेंटमध्ये काही ओळींचा खुलासा आहे: प्रोसेस डिस्कवर हलवली गेल्यामुळे थांबली असेल तर स्टॅक कुठल्या जागी नेला जातो, आणि त्यामुळे पुढचं परतणं प्रत्यक्षात कुठल्या फंक्शनमधून होतं. लिहिणाऱ्याने प्रयत्न केलाय, आणि तो पुरेसा झाला नाही हे मान्य केलंय. डेनिस रिची यांनी पुढे लिहिलं की ते आव्हान नव्हतं. 'हे परीक्षेत येणार नाही' अशा चालीवर लिहिलेलं वाक्य होतं. त्यांनी पुढे आणखी एक कबुली दिली, आणि ती जास्त महत्त्वाची आहे: तिथे काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं. ती युक्ती पीडीपी-११ वर चालली, कारण तिथला कंपायलर फंक्शनमधून परतताना सगळीकडे एकच पद्धत वापरायचा. इंटरडेटाच्या यंत्रावर युनिक्स न्यायची वेळ आली तेव्हा तिथला कंपायलर तसा नव्हता, आणि युक्तीचं बिंग फुटलं. सातव्या आवृत्तीसाठी तो सगळा भाग नव्याने लिहावा लागला.

म्हणजे ती कॉमेंट, लिहिणाऱ्यांनाही न कळता, बगची नोंद होती. कोड जिथे अडखळत होता तिथेच वाक्यही अडखळलं होतं. म्हणून गुळगुळीत कॉमेंटपेक्षा अडखळणारी कॉमेंट मला जास्त विश्वासाची वाटते. तिला 'सुधारून' सफाईदार करणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर गार पाण्यात बुडवणं.

त्याच आवृत्तीवर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. एका भागात क्रमांक घातलेला कोड, दुसऱ्या भागात ओळीओळीचं भाष्य. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात कोड शिकवण्यावर बंदी आणली, आणि लायन्स यांची पानं वर्षानुवर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्समधून फिरत राहिली. १९९६ मध्ये ती रीतसर पुस्तक म्हणून छापली गेली. या बंदीमुळे अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिलं, आणि मिनिक्स वापरणाऱ्या एका विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स. कोड वाचता येणं आणि समजावून सांगता येणं यावर किती काय उभं असतं, हे इथे दिसतं.

सक्तीच्या जागा

चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाहीत, नावं नीट ठेवा, झालं, असा एक आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य आहे. कर्नेलची स्वतःची शैलीपुस्तिकाच अति-कॉमेंटपासून सावध करते. कोड कसा चालतो हे सांगत बसू नका, काय करतो ते सांगा, असं तिचं म्हणणं आहे. काही कॉमेंटचा शेवट तर कोड होण्यातच चांगला असतो. 'हे बोलावताना अमुक लॉक धरलेलं असावं' या वाक्याऐवजी कर्नेलमध्ये तसं तपासणारी एक ओळच लिहिता येते. चाचणीच्या कर्नेलमध्ये नियम मोडला की ती आरडाओरडा करते. वाक्याची अशी बढती झाली तर मला आनंदच आहे, कारण ते पुन्हा जुनं होणार नाही.

पण काही गोष्टी नावात मावत नाहीत आणि तपासणीतही पकडता येत नाहीत. मेमरी बॅरियर घ्या. एका प्रोसेसरने केलेले बदल दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसावेत यावर ही एका ओळीची सूचना बंधन घालते. ती ओळ एकटी निरर्थक असते. तिची जोडीदार ओळ दुसरीकडे कुठेतरी असते. कदाचित दुसऱ्या फाइलमध्ये. कोडमध्ये या दोघींना जोडणारं काहीही दिसत नाही. म्हणून बॅरियर वापरून वर कॉमेंट लिहिली नाही तर कर्नेलची पॅच तपासणारी स्क्रिप्ट टोकते. यंत्रावर अवघा विश्वास असणाऱ्या लोकांनी स्वतःच्या कोडमध्ये वाक्य सक्तीचं केलंय, ही मला वाटतं कॉमेंटच्या बाजूने सगळ्यात भक्कम साक्ष.

स्पेलिंगच्या दुरुस्त्यांचंही असंच. पॅच कसे पाठवावेत याच्या कर्नेलच्या जुन्या नियमावलीत किरकोळ पॅचची यादी होती. त्यात शोध घेताना आड येणाऱ्या स्पेलिंगच्या चुकांना वेगळी जागा दिलेली होती. शब्द चुकला की शोधणाऱ्याला ती ओळ सापडतच नाही. तीन कोटी ओळींत न सापडणं म्हणजे नसणंच. नेहमीच्या चुकांची एक फाइलही कर्नेलमध्ये आहे, चुकीचा शब्द डावीकडे आणि बरोबर उजवीकडे. किरकोळ ते किरकोळच, पण निरर्थक नाही.

आता एक नवा प्रश्न आलाय. फंक्शन दिलं की एआय साधनं त्यावर व्यवस्थित, व्याकरणशुद्ध, सगळे पॅरामीटर भरलेली कॉमेंट क्षणात लिहून देतात. वॉर्निंगची अख्खी यादी एका दुपारी संपवता येईल. '@फ्लॅग्ज: फ्लॅग्ज' पेक्षा ही वाक्यं नक्कीच बरी असतात. माझा आक्षेप वेगळा आहे. निव्वळ कोड पाहून लिहिलेली कॉमेंट कोडच्या विरुद्ध साक्ष देऊ शकत नाही. कोडमध्ये चुकून थांबायला मुभा दिली असेल तर 'हे फंक्शन थांबू शकतं' असं ती सफाईदार भाषेत लिहील, आणि बग नियम बनून बसेल. त्या ३३ विसंगतींसारखी एखादी पुन्हा सापडण्याची शक्यताच संपेल, कारण दोन्ही साक्षीदार एकाच माणसाने पढवलेले असतील. माणूसही असंच लिहितो, हे खरंय. म्हणूनच प्रश्न कोण लिहितं याचा नाही. लिहिणाऱ्याने कोडच्या बाहेर कुठे पाहिलं याचा आहे: बदलाच्या नोंदीत, बोलावणाऱ्यांत, हार्डवेअरच्या माहितीपुस्तिकेत, की मूळ लेखकाला विचारून.

कॉमेंट-दुरुस्तीच्या पॅचला स्वतःची एक टीप असते, कमिटची नोंद. कुणाचाही असा पॅच वाचायला घेतला की मी आधी ती वाचते. 'कॉमेंट दुरुस्त केली' एवढंच असेल तर मला काहीच कळलेलं नसतं. 'अमुक साली हा फ्लॅग बदलला, तेव्हा बोलावणारे सगळे तपासले होते, आज पुन्हा तपासले, इंटरप्टमधून कुणीही येत नाही, म्हणून कॉमेंट खोटी ठरते' असं असेल तर एका वाक्याच्या बदलामागे चार दिवसांचं वाचन आहे हे दिसतं. आणि कधीतरी अशी नोंद कॉमेंट न बदलताच संपते: तपासल्यावर कॉमेंट बरोबर निघाली, फ्लॅग बदलला. पहिला पॅच पाठवू पाहणाऱ्या कुणालाही मी हाच प्रकार शोधायला सांगेन. खटकलेलं वाक्य बदलायच्या आधी ते खरं असण्याची एक संधी त्याला द्यावी.